दीड हात वायर

विषय: वर्गखोली क्रमांक तीनमधील टेलिफोनला जोडणी मिळणेबाबत.

संदर्भ: एका विद्यार्थिनीने स्वहस्ते लिहिलेला इंग्रजी अर्ज, आणि त्यावर कार्यालयाने मारलेला शेरा, "कारण स्पष्ट करावे."

उपरोक्त विषयास अनुसरून, ज्याच्यासाठी हा अर्ज झाला तो टेलिफोन, म्हणजे मी, बोलतोय. माझी वायर भिंतीत नाही, हे आधीच नमूद करतो. नाहीतर कार्यालय म्हणायचं, बोलणाऱ्या फोनला आणखी जोडणी कशाला? सोळा वर्षं लोक माझ्यातून बोलले. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा जन्म कारखान्यातला. सायीच्या रंगाचं अंग, बारा बटणं, पोटात घंटी आणि उशाला रिसीव्हर. तिथे एका मुलीने मला कानाला लावलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं, समाधानाने मान हलवली आणि खोक्यात भरलं. पलीकडून कोणी उत्तर देतंय का, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. पुढे पाहिलं, बरीच माणसं फोन असाच वापरतात.

खोक्यातून निघालो तो थेट परदेशातल्या एका दाताच्या दवाखान्यात. काउंटरवर डाव्या हाताला वेळांची वही, उजव्या हाताला मी, आणि मध्ये बाई. त्यांना नाव होतं, पण सगळे "काउंटरवरच्या बाई" म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. डॉक्टरांना मराठीचा गंध नव्हता आणि आजूबाजूच्या इमारतींमध्ये आपली माणसं भरपूर. पेशंटचं दुखणं मराठीत निघायचं आणि डॉक्टरांपर्यंत इंग्रजीत पोचायचं. मधला पूल म्हणजे बाई, आणि त्या पुलाचा एक खांब मी.

दुखणारा दात लोक फोनवर कसा सांगतात, यावर मी ग्रंथ लिहू शकेन. आधी माफी मागतात. "सकाळी सकाळी त्रास देतोय हं," म्हणतात. दात ठणकतोय यांचा आणि त्रास होतोय म्हणे आम्हाला! मग सांगतात की एवढं काही नाही. मग लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याने चुळा भरून झाल्या, शेजारणीचं औषध झालं. एका गृहस्थांनी तर रिसीव्हर गालाला टेकवून धरला होता. "ऐकू येतंय का? असं ठक ठक होतंय बघा."

पण सगळ्यांत मोठी गंमत पुढे असायची. बाई विचारायच्या, "कोणता दात?"

"हा हो. हा."

आणि मग शांतता. फोनच्या पलीकडे बोट वर गेलं की आवाजात खळगा पडतो. बोट तोंडात शिरलं की शब्द संपतात, नुसता "आ" उरतो. बाई शांतपणे म्हणायच्या, "काकू, बोट दाखवताय ना? मला दिसत नाही इथून."

"अगं बाई, खरंच की!" पलीकडून हसू यायचं आणि मग परत, "तर हा बघा, हा."

हे झालं बोलणाऱ्यांचं. न बोलणारे वेगळे. डॉक्टरांचा नियम होता की फोन इंग्रजीतच उचलायचा. दवाखान्याचं नाव, नमस्कार, आपल्याला काय मदत करू शकते, असं पूर्ण लांबलचक वाक्य. आगगाडी फलाटावरून निघावी तसं ते वाक्य निघायचं आणि त्याचा शेवटचा डबा दिसेपर्यंत पलीकडचा माणूस घाबरून गेलेला असायचा. मला आधी श्वास ऐकू यायचा. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवल्याची पुटपुट. बाई घाईघाईने म्हणायच्या, "बोला ना, मराठीत बोला!" पण तोवर टूं, टूं, टूं.

बाई मला लगेच खाली ठेवत नसत. थोडा वेळ तसाच कानाशी धरून बसायच्या. "गेला," म्हणायच्या. "दात घेऊन गेला."

ते श्वास मी अजून विसरलेलो नाही. बोललेलं सगळं माझ्यातून वाहून गेलं. न बोललेलं तेवढं माझ्यात साठून राहिलं.

पुढे दवाखान्यात नवी यंत्रणा आली. ती आपली आपण बोलते, एक दाबा, दोन दाबा म्हणते, आणि तिला कोणाचाही श्वास ऐकू येत नाही. त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी चुणचुणीत होती, हसतमुख होती, फक्त तिला मराठी येत नव्हतं. निरोप समारंभात बाईंना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याच्याकडे आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ का देतात, हे मला कळलेलं नाही. बाईंनी घड्याळाबद्दल आभार मानले आणि मला मागून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "हा आता कुठे चालायचा नाही."

बाई म्हणाल्या, "मग आमचं जमेल."

वर्षभर मी त्यांच्या घरी कपाटावर होतो, घड्याळाच्या शेजारी. घड्याळ चालू होतं आणि मी बंद, त्यामुळे आमचं फारसं जमलं नाही. मग एके दिवशी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि सार्वजनिक सभागृहाच्या कार्यालयात नेलं. दाताच्या डॉक्टरकडे जाण्यापुरतं इंग्रजी शिकवणारा वर्ग काढायचा आहे, एक खोली द्या, असं त्यांनी सांगितलं.

तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नुसत्या दातापुरतं इंग्रजी?"

"दुखतं तिथून सुरुवात करावी," बाई म्हणाल्या.

खोली मिळाली. क्रमांक तीन, पहिला मजला. दहा बाकं, एक फळा, एक लोखंडी कपाट आणि भिंतीत टेलिफोनची जुनी खोबण. खोबणीत कधीकाळी जीव होता. आता तिच्यावरही भिंतीचा रंग चढलाय. मला ज्या टेबलावर ठेवलं तिथून ती वीतभर अंतरावर आहे. माझ्या वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा एक चिमुकला दात असतो, तो त्या खोबणीत नेमका बसेल. पहिल्या दिवसापासून मी तिच्याकडे बघतोय.

आमच्या वर्गाची पद्धत अशी. शिकणाऱ्याने स्टुलावर बसायचं, मला उचलायचं आणि दवाखान्यात फोन लावायचा. दवाखाना म्हणजे बाई. त्या कपाटाचं दार उघडून त्याच्या आड उभ्या राहायच्या, म्हणजे तोंड दिसणार नाही, मान हलवलेली दिसणार नाही, आणि मुख्य म्हणजे बोट दिसणार नाही. मोकळा हात मांडीखाली ठेवायचा, हा वर्गाचा पहिला नियम. दारापलीकडून त्या इंग्रजीत विचारायच्या, नाव काय, कधीपासून दुखतंय, गरम लागतं की गार, कोणता दात. प्रश्न याच क्रमाने येतात, कारण सोळा वर्षं त्यांनी याच क्रमाने विचारले होते.

"बाई, हात मांडीखाली गेला की तोंडच बंद होतं हो," असं पहिल्याच दिवशी ड्रायव्हरकाकांनी जाहीर केलं. हे काका चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. वर्गातही ते बाकाच्या उजव्या टोकाला बसत आणि खिडकीतून मागचं पुढचं बघत. त्यांची दाढ कधीच बरी झाली होती. ते येत होते ते घरी कोणी बोलायला नव्हतं म्हणून, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

आणि आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय त्या. त्यांचं वर्गातलं नाव थँक्यूकाकू.

हे नाव पडायला कारण झालं. काकू पहिल्यांदा स्टुलावर बसल्या, मला दोन्ही हातांनी उचललं, पदर सारखा केला. कपाटाआडून बाईंनी विचारलं, "व्हॉट इज युअर नेम, प्लीज?" काकूंनी नाव सांगितलं, अगदी स्वच्छ. मग सुटकेचा निःश्वास टाकला, "थँक्यू!" म्हणाल्या आणि मला खाली ठेवून दिलं.

वर्ग हसला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "वहिनी, गाडी डेपोतून निघायच्या आतच उतरलात की!"

बाई कपाटाआडून बाहेर आल्या. "काकू, थँक्यू सगळ्यात शेवटी. थँक्यू म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. मग दात तसाच राहतो."

"सवय हो," काकू म्हणाल्या. "कोणी काही विचारलं की आधी वाटतं, बिचाऱ्यांनी विचारलं तरी."

काकूंचे यजमान होते तोवर बाहेरचं सगळं तेच बघत. ते गेल्यावर काकू मुलाकडे आल्या. मुलगा चांगला, कोणीही चांगला म्हणावा असा. आईचा दात दुखतो म्हटल्यावर अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला डॉक्टरकडे नेणारा. पण त्याच्याबरोबर जाऊन आल्यानंतरच काकू आमच्या वर्गात दाखल झाल्या. का, ते त्यांनी मधल्या सुट्टीत बाईंना सांगितलं. माझ्या टेबलाशीच बसल्या होत्या, म्हणून मीही ऐकलं.

"डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. मी सगळं सांगितलं. गार लागलं की कळ येते, ती कानापर्यंत जाते, मग थोड्या वेळाने विसरते, परत येते. मुलाने डॉक्टरांना काय सांगितलं असेल? दोन शब्द. मी मोजले ना! माझं एवढं दुखणं, आणि दोन शब्दांत बसवलं त्याने."

"घाईत असेल," बाई म्हणाल्या.

"असेलच. मग ते दोघं बोलले. बराच वेळ. माझं तोंड उघडं होतं, पण बोलत तो होता. गाडीत बसल्यावर मला कळलं, दात काढायचं ठरलंय. पुढच्या गुरुवारी, साडेदहाला. म्हटलं, अरे, मला विचारलंस का? तर म्हणतो, आई, या वयात दात वाचवून करायचंय काय?"

काकूंनी माझ्या वायरीचे पीळ बोटाने एकेक करून मोकळे केले.

"खालचा आहे हो तो. उजवीकडचा. त्या बाजूला वर-खाली मिळून एवढी एकच जोडी उरलीय माझी. खालचा काढला की वरचा कोणाला टेकणार?" मग म्हणाल्या, "एकट्याचं काय होतं ते मला विचारा म्हणावं डॉक्टरांना."

मला ते ऐकून माझा रिसीव्हर आठवला. तो नसता तर मी काय असतो? बारा बटणांचं खोकं.

बाईंनी समजावलं. दात काढणं हा एक रस्ता. आतली नस साफ करून, वर टोपी बसवून तो वाचवणं हा दुसरा. प्रत्येक दाताला दुसरा रस्ता असतोच असं नाही, पण विचारायला हरकत नसते. "विचारायचं एवढंच, कॅन यू सेव्ह इट?"

"एवढंच?"

"एवढंच. चार शब्द."

"म्हणजे मुलापेक्षा दोन जास्त," काकू म्हणाल्या.

"मी करू का फोन? मला ओळखतात तिथे," बाईंनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. "नको. मग मुलाच्या जागी तुम्ही आलात, एवढंच होईल."

गुरुवारला नऊ दिवस होते. आमचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी भरायचा. त्या मुदतीत काकूंनी मला जेवढं उचललं तेवढं दवाखान्यातही कोणी उचललं नसेल. वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन बसत, वर्ग सुटल्यावर बाई फळा पुसेपर्यंत बसत. नाव जमलं. कधीपासून, ते जमलं. गरम-गार जमलं. थँक्यू जिभेवर यायचं, त्या ओठ मिटून परत आत ढकलायच्या. ते चार शब्द तर असे खणखणीत म्हणायच्या की ड्रायव्हरकाका टाळी वाजवायचे.

अडायचं एकाच ठिकाणी. "व्हिच टूथ?" म्हटलं की मांडीखालचा हात सुटायचा, बोट वर जायचं, आणि काकू मोठ्या विश्वासाने मला सांगायच्या, "धिस वन."

बाई कपाटाआड, त्यांना दिसायचं नाही. मला दिसायचं. तो दात कोणता, हे त्या खोलीत सर्वांत नेमकं मला माहीत होतं आणि सांगायची सोय नव्हती. फोनचा जन्म हा असा.

"लोअर, राइट, एवढं तर म्हणा," बाई म्हणायच्या.

"म्हणते हो. पण पाठ केलेलं डोक्यात असतं आणि दात तोंडात. दोघांची गाठच पडत नाही."

शेवटी ड्रायव्हरकाका उठले. खडू घेतला आणि फळ्यावर एक बस काढली, दोन मजल्यांची. "वहिनी, दात विसरा. ही गाडी. वरचा मजला, खालचा मजला. तुम्ही तोंड पुढे करून बसलाय, म्हणजे उजवी बाजू तुमचीच उजवी. तुमचा पॅसेंजर कुठे बसलाय?"

काकूंनी जीभ फिरवून पाहिलं. हात मांडीखालीच होता. "खाली. उजवीकडे. अगदी शेवटचा नाही. त्याच्या पुढचा."

"म्हणजे मागून दुसरी सीट! सांगा आता कंट्रोलला."

काकूंनी मला उचललं. "लोअर. राइट. सेकंड फ्रॉम द बॅक."

कपाटाआडून बाईंचं पुढचं वाक्य यायला थोडा उशीर झाला. सोळा वर्षं त्यांनी ज्या उत्तराची वाट पाहिली ते उत्तर आलं होतं, आणि आलं ते बंद फोनवर. दुसऱ्या आठवड्यापासून वर्गातल्या सगळ्यांची तोंडं दुमजली झाली.

मग तो मंगळवार. दात परवा निघणार होता. खरा फोन आजच करायला हवा होता.

काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला. मुलाने घेऊन दिलेला. त्यांनी दवाखान्याचा नंबर दाबला, स्पीकर लावला. यंत्रणा बोलली, काकूंनी सांगितलेलं बटण दाबलं, आणि पलीकडून त्या चुणचुणीत मुलीचा आवाज आला. दवाखान्याचं नाव, नमस्कार, आपल्याला काय मदत करू शकते. तेच वाक्य. माझ्या बटणांवर शहारा आला.

काकूंनी मोबाइल बाईंच्या पुढे धरला.

हे त्यांनी मुद्दाम केलं नाही. मोबाइल वाजला, इंग्रजी ऐकू आलं, की तो जवळच्या माणसाच्या हातात द्यायचा, ही हाताला लागलेली सवय. "बोल रे तू." बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. काकूंनी तो ड्रायव्हरकाकांपुढे धरला. काकांनीही हात पाठीमागे नेले. पुढच्या बाकावरच्या दोघींनी त्यांचं पाहून तेच केलं. सगळा वर्ग हात मागे बांधून उभा, जणू काही सगळ्यांना शिक्षा झालीय. पलीकडून मुलगी "हॅलो? हॅलो?" म्हणत होती. आणि मला काय ऐकू येत होतं? श्वास. तोच ओळखीचा, जुना श्वास. आता टूं टूं होणार.

काकूंनी मोबाइल टेबलावर ठेवला. माझ्या अगदी जवळ. आणि मला उचललं.

जोडणी नसलेला फोन त्यांनी कानाला लावला, डावा हात मांडीखाली घातला, डोळे मिटले आणि माझ्यात बोलायला सुरुवात केली. मोबाइल शेजारी पडून ऐकत होता. त्याला ते पुढे पोचवायचं काम होतं, हमालाचं. बोलत होत्या त्या माझ्याशी.

नाव सांगितलं. थँक्यू म्हणाल्या नाहीत. गुरुवारी साडेदहाची वेळ आहे म्हणाल्या. मुलीने विचारलं, कोणता दात?

त्यांचा खांदा हलला. हात मांडीखालून सुटू पाहत होता. ड्रायव्हरकाकांनी स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे केले.

"लोअर. राइट. सेकंड फ्रॉम द बॅक," काकू म्हणाल्या. "प्लीज, डोन्ट पुल. कॅन यू सेव्ह इट?"

मुलगी म्हणाली, एक मिनिट, डॉक्टरांना विचारते. आणि पलीकडून सूर सुरू झाला.

तो सूर माझ्या ओळखीचा होता. दवाखान्यात असताना बाई माझं एक बटण दाबायच्या, की वाट बघणाऱ्याला हा सूर ऐकू जायचा. सोळा वर्षं मी तो लोकांना ऐकवला. ऐकणाऱ्याच्या बाजूने पहिल्यांदाच ऐकला. वाट बघणाऱ्याला तो इतका लांब वाटतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी काही करू शकलो असतो असं नाही, पण निदान ठाऊक असतं.

सूर थांबला. मुलगी म्हणाली, गुरुवारी त्याच वेळेला या, काढायच्या आधी डॉक्टर पुन्हा तपासतील, वाचण्यासारखा असेल तर वाचवतील.

"थँक्यू," काकू म्हणाल्या, अगदी शेवटी, आणि मला ठेवलं. मोबाइल बंद करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तो बाईंनी केला.

गुरुवारी दुपारी वर्ग भरला तेव्हा काकू नव्हत्या. बाईंनी फळ्यावर तारीख दोनदा लिहिली. ड्रायव्हरकाका खिडकीत. तासाभराने म्हणाले, "आल्या. मुलगा बरोबर आहे."

काकू दारात उभ्या. उजवा गाल फुगलेला, ओठ एका बाजूला ओघळलेला. सुईने तोंड बधिर केलेलं, त्यामुळे शब्द फुटेना. सगळे एकदम विचारायला लागले, काय झालं, राहिला की गेला. काकू नुसता हात हलवत माझ्या टेबलापर्यंत आल्या, स्टुलावर बसल्या. त्यांनी तोंड उघडलं. आणि बोट वर नेलं.

या वेळी कोणीही "बोट खाली" म्हणालं नाही. बाई वाकल्या, काका वाकले. खालचा मजला, उजवी बाजू, मागून दुसरी सीट. पॅसेंजर जागेवर होता.

मुलगा मागे उभा होता. "मला आत येऊच दिलं नाही तिने," तो बाईंना म्हणाला. तक्रार होती की कौतुक, त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. "डॉक्टरांनी दारातच मला विचारलं, तर हिने हात वर केला. मला म्हणाली, बाहेर बस. अजून दोनदा जायचंय. एकटी जाणार म्हणते." मग जरा खाली बघून म्हणाला, "तिची कळ कानापर्यंत जाते, हे मला आज डॉक्टरांकडून कळलं."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ज्याला शिकता येतं तो परत कशाला येईल? वर्गाचं हेच यश, आणि बाकांचं हेच दुःख. काकू दोनदा एकट्या दवाखान्यात जाऊन आल्या, दाताला टोपी बसली, आणि त्यांचं येणं थांबलं. नवी माणसं आली. ती मला उचलतात, चुकतात, हसतात. हात बरे आहेत त्यांचे, पण वायरीचे पीळ कोणी सोडवत नाही. कपाटाच्या दाराशी बाई हल्ली उभ्या राहत नाहीत, खुर्ची घेऊन बसतात.

मला पूर्वी वाटायचं, मला घंटी हवी. आता वाटतं, तो श्वास हवा. जो घाबरून निघून गेला तो पुन्हा यावा, आणि या खेपेला तो लांबलचक वाक्याशी न अडखळता थेट बाईंच्या "बोला ना" पर्यंत पोचावा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. जोडणी नसलेला फोन सांगणार कसं?

पण गेल्या हिवाळ्यात काकू आल्या. हातात एक कागद, त्यावर इंग्रजी अक्षरं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, जणू एकमेकांना धक्का लागू नये म्हणून. वर्गखोली क्रमांक तीनमधील फोनला जोडणी द्यावी, असा अर्ज. बाईंनी चुका दुरुस्त करायला पेन उघडलं, वाचलं आणि पेन मिटून ठेवलं.

"याची कशाला आठवण केलीत?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी मी याच्याशी बोलले. याच्यात पलीकडून मात्र कोणीच बोललं नाही," काकू म्हणाल्या.

कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला. "अहो, सगळ्यांच्या खिशात फोन आहे. हे डबडं कशाला?" आणि शेरा मारला, कारण स्पष्ट करावे.

काकूंनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, तिथेच उभ्या राहून, कारण स्पष्ट केलं. त्याचं मराठी असं होतं: मोबाइल मुलाच्या हातात देता येतो. या फोनची वायर दीड हात आहे. तो देता येत नाही.

खाली बाईंनी एक ओळ जोडली. ज्यांना दवाखान्यात फोन करायची भीती वाटते त्यांनी आधी इथे करावा. इथे फोन मराठीत उचलला जाईल.

साहेबांनी दोन्ही बाजू वाचल्या. मग चष्मा काढला, स्वतःच्या डाव्या गालावरून हात फिरवला, शिक्का मारला आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

त्यानंतर ड्रायव्हरकाकांनी दोनदा चौकशी केली. पहिल्यांदा सांगण्यात आलं, अर्ज टेबलावर आहे. दुसऱ्यांदा सांगण्यात आलं, टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलंय. खोबणीवरचा रंग मात्र काकांनी किल्लीने खरवडून ठेवलाय. आतली पितळी तार दिसते. मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग सुटल्यावर बाई माझ्या वायरीचं टोक त्या खोबणीत अडकवतात, रिसीव्हर कानाला लावतात, थोडा वेळ ऐकतात, आणि टोक काढून ठेवतात.

आज गुरुवार आहे. त्यांनी ऐकून पाहिलं.

अर्ज प्रलंबित आहे.